छप्पर उतरवलेला किल्ला

गेल्या मंगळवारी जयपूरच्या वैशाली नगरहून बगरूला, ठसेछपाईच्या गावाला, निघाले ती नको असलेलं काम घेऊनच. एका म्हाताऱ्या माणसाला जाऊन सांगायचं होतं की तुम्ही जीव ओतून बनवलेलं काम मोडा...

थोडं मागचं सांगते. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो आणि मी हाताने छापलेलं कापड परदेशी पाठवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागले. यंदा जर्मनीतल्या एका खेड्याची ऑर्डर आली. टेबलक्लॉथ हवे होते, आणि त्यावर त्यांच्या टेकडीवरच्या पडक्या किल्ल्याचं चित्र.

छपाईचा लाकडी ठसा कोरायला मी बगरूच्या रामकिशनजींना दिला. दिवाळीनंतर त्यांचा तरणाताठा मुलगा गेला, तेव्हापासून त्यांनी पटाशीला हात लावला नव्हता. कामाला लागा, मन रमेल म्हणून सगळे त्यांच्या मागे लागलेले... त्यात मीही होतेच. शेवटी कसेबसे हो म्हणाले.

ठसा पाहिला आणि मी कपाळाला हात लावला. फोटोतल्या पडक्या भिंती रामकिशनजींनी सगळ्या बांधून काढल्या होत्या. वर छप्पर, झरोके, टोकाला निशाण... मतलब, आमच्या आमेरच्या किल्ल्याचा धाकटा भाऊच. उजाड घर कापडावर छापू नये, अपशकुन होतो, असं त्यांचं म्हणणं.

ऑर्डर देणाऱ्या जर्मनीच्या हेल्गाबाईंना व्हिडिओ कॉलवर ठसा दाखवला. हसतील असं वाटलं होतं, पण छप्पर काढावं लागेल, म्हणाल्या. मग त्यांनी किल्ल्याची हकिगत सांगितली.

शेकडो वर्षांपूर्वी शत्रू चालून आला, तेव्हा गावातली बायकामुलं, म्हातारेकोतारे आसऱ्याला वर किल्ल्यात गेले. वेढा पडला. शेवटी शत्रूने किल्ल्याला आग लावली आणि आतलं कुणीच खाली आलं नाही...

पुढे किल्ला पुन्हा बांधू म्हणणारे सरदार आले, पैसेवाले आले. गावाने कुणालाच बांधू दिला नाही. दरवर्षी त्या दिवशी सगळं गाव वर चढतं, थोडा वेळ नुसतं उभं राहतं, आणि खाली येऊन एकत्र जेवतं. टेबलक्लॉथ त्या जेवणासाठी होते.

रामकिशनजींच्या ओसरीवर बसून हे सगळं मी त्यांना जमेल तसं हिंदीत सांगितलं. शेवटचं वाक्य मात्र राहूनच गेलं. मुलाला पोचवून आलेल्या बापाला घरावरचं छप्पर काढा, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्यांनी बराच वेळ ठशावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "इतने बरसों में किसी ने नहीं कहा कि अब ठीक कर लो?"

"कहा ना, काकाजी. गाववालों ने माना नहीं."

"भले लोग हैं," ते म्हणाले. पटाशी मागवली आणि स्वतःच छप्पर उतरवायला बसले.

कोरता कोरता ते रडायला लागले... आधी आवाज न करता, मग हमसून हमसून. मुलगा गेल्यापासून ते एकदाही रडले नव्हते, हे त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं. सवयीने माझ्या तोंडावर आलं होतं, सावरा काकाजी... गिळून टाकलं. त्यांची बायकोही ओसरीवर आली. आम्ही दोघी नुसत्या शेजारी बसून राहिलो.

ते गाव मी पाहिलेलं नाही, पाहीनसं वाटतही नाही. पण त्या माणसांची मी आभारी आहे. त्यांच्यामुळे एका बापाला पोटभर रडता आलं.