सात साड्या आणि एक चिप

सोल्डरिंगच्या तापल्या टोकाला राळ लागली की देवदारासारखा एक गोडसर वास उठतो. आमच्या मागच्या खोलीतला तो वास माघापासूनच कुलरच्या ओल्या वाळ्याच्या वासाशी लगट करू लागतो, कारण यजमान त्या खोलीत कुलर चालवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डे तयार करतात. टाकीतले पाणी संपत आले की पंप थांबवायचा, हवा दमट झाली की नुसता पंखा फिरवायचा, एवढेच त्या कार्डाचे शहाणपण.

त्या शहाणपणामागे बाजारात कुठेही मिळणाऱ्या पाच चिप होत्या आणि तेच यजमानांच्या जिवाला लागले होते. कुणीही भिंग घेऊन बसावे आणि दुपारभरात नक्कल उतरवावी. म्हणून पाचांची मिळून एकच, स्वतःची अशी चिप घडवून घ्यायची आणि तिच्या काळ्या पाठीवर आपल्या आईच्या नावाचे अक्षर कोरायचे, असे त्यांनी मनात धरले. त्यासाठी बेसा गावातला प्लॉट विकायचा होता. आमच्या म्हातारपणासाठी राखलेली ती एवढीच जमीन.

पुण्याहून एक अभियंता आला. कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचा खरपूस पापुद्रा बोटांनी उकलत त्याने हिशेब समजावला. आधी आराखडा, मग साचे. त्यांचा खर्च चिप एक काढा की लाख, तेवढाच. पहिली चिप प्लॉटच्या किमतीची आणि पुढची प्रत्येक मूठभर शेंगदाण्यांच्या. साच्यात चूक निघाली तर पुन्हा नवे साचे. आमची कार्डे हंगामाला जेमतेम चारशे खपतात, हे मी सांबारवडीचे ताट पुढे करीत सांगितले. यजमानांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांच्या कवितेतली मात्रा मोजली होती.

 याहून जास्त बोलण्याचा मला अधिकार नव्हता, कारण अशाच एका हट्टाची शिक्षा माझ्या कपाटात घडी होऊन पडलेली होती.

मुलीच्या लग्नात मला बाभळीच्या शेंगांचा काठ हवा होता. वाऱ्यात पैंजणासारख्या वाजणाऱ्या त्या शेंगा मी स्वतः कागदावर काढल्या आणि उमरेडच्या एका वृद्ध विणकराकडे घेऊन गेले. त्याने कागद उजेडात धरला, त्याच्या पाठीवर उमटलेली माझी वळणे बोटाने चाचपली आणि शांतपणे म्हणाला, "बाई, मागावर ताणा एका साडीसाठी लावा का सातांसाठी, जोडणी तेवढीच लागते. एकच पायजे असंन तर दुकानातून काहून नाही घेत?"

मी सात घेतल्या. लग्नात मी, दोन नणंदा आणि जाऊ एकाच काठात उभ्या राहिलो, तेव्हा यजमानांनी बँडवाल्यांना विचारले म्हणे, तुमचे गाणारे पथक हेच का. उरलेल्या तीन कोऱ्याच कपाटात पडून राहिल्या आणि तेव्हापासून मी कपाटाकडे गेले की ते मला 'गणवेशवाली' म्हणत.

फाल्गुनातल्या एका सकाळी ते खोलीत आले. चेहऱ्यावर न जन्मलेल्या बाळाचे नाव ठरवून आलेल्या माणसाचा आनंद होता. प्लॉटचा कागद हवा होता. दुपारी गिऱ्हाईक येणार होते.

आमचे सगळे महत्त्वाचे कागद साड्यांच्या तळाशी असतात. मी कपाट उघडले. डांबरगोळ्यांचा थंड वास आला. पलंगावर बसलेल्या यजमानांच्या मांडीवर मी बाभूळकाठाची पहिली साडी ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. घडी न मोडलेल्या कोऱ्या रेशमाची करकर तेवढी ऐकू येत होती. तिसऱ्या साडीखाली कागद होता. मी तो उचलून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही. काठावरून अंगठा फिरवत राहिले.

"ह्या अजून इथंच आहेत काहून वं?"

"एकीपायी सात काढाव्या लागल्या होत्या," मी म्हणाले.

ते उठले, साड्या हळूच बाजूला ठेवल्या आणि स्कूटर काढून निघून गेले. कुठे, ते सांगितले नाही. दुपारी गिऱ्हाईक आले. मी त्याला ताक दिले आणि कागद पदराखाली धरून बसून राहिले.

ते ऊन कलल्यावर सीताबर्डीच्या बाजारातून परतले. हातात खोक्यांची पिशवी होती, कपाळावर घाम आणि ओठांवर हसू दाबल्याची लबाडी. काय आणले, मी विचारले. त्यांनी गिऱ्हाइकाला हात जोडून माघारी पाठवले, त्याच पाच बाजारी चिपांच्या खोक्यांची ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले,

"रेडिमेड."