पाद्रीबाबांच्या ग्रंथांची किंमत

अ‍ॅम्ब्रोझ लिडगेट हे इंग्लंडातल्या सफकमधल्या एका खेड्याचे पाद्री. लग्न डॉर्कसशी केलं, पण संसार मांडला तो पुस्तकांशी. वरची अख्खी खोली ग्रंथांनी भरलेली. नवा ग्रंथ आला की महिनाभर घरात मांस शिजायचं नाही, डॉर्कस मुकाट्याने वाटाण्याची पेज उकळायची.

त्या खोलीचं छप्पर शाकारलं होतं ह्यू पेटिफरने. त्याच्या हातचं छप्पर कधी गळलं नाही. जवाचं पीक बुडालं त्या हिवाळ्यात याच ह्यूने शिडीवरून उघड्या खिडकीत हात घातला आणि एक जाडजूड ग्रंथ लांबवला. त्याच्या पितळी कड्या विकून पोरांना पाव आणला. पाद्रीबाबांचा पारा चढला. त्यांनी कॉन्स्टेबलला बोलावलं आणि ह्यूला धरून दिलं.

चोरी बारा पेनींच्या आत असली तर चाबूक, वर गेली तर फास, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. वाचता येणाऱ्याला बायबलातली ओळ वाचून पहिल्या खेपेला मान सोडवता यायची. ह्यूला अक्षर येत नव्हतं.

खटल्याच्या आधी ज्यूरीतला माइल्स कॉबोल्ड दारात आला. "पाद्रीबाबा, तुम्ही दहा पेनी म्हणा, आम्ही माना डोलावतो. पाठ सोलून निघेल लेकाची, पण जीव तर राहील."

"दहा पेनीला कोंबडी येते, माइल्स! अर्धं आयुष्य शोधत होतो मी तो ग्रंथ."

"अहो, म्हणा ना," डॉर्कस काकुळतीला आली. "देव एवढं खोटं पोटात घालेल."

"शपथेवर सांगायचंय. मी पाद्री आहे."

शपथ हे नुसतं निमित्त. आपल्या ग्रंथाला कोंबडीच्या भावात काढायला त्यांची जीभ रेटत नव्हती, हे डॉर्कसला पक्कं ठाऊक होतं. कोर्टात त्यांनी खरी किंमत सांगितली, एक पौंड, म्हणजे दोनशे चाळीस पेनी. ह्यूला फाशी दिलं.

पुढच्या वादळात छपराचा आढ्याकडचा भाग उडाला. गावोगाव निरोप धाडले, पण एकाही शाकारणाऱ्याला सवड झाली नाही. पाणी थेट फळ्यांवर गळू लागलं. ग्रंथ फुगले, त्यांना बुरशी चढली. पाद्रीबाबा शेकोटीपुढे एकेक पान धरून बसायचे आणि खोकायचे.

"दहा म्हटलं असतं तर..." ते एकदा पुटपुटले.

"आता कशाला?" डॉर्कस म्हणाली. तिला त्यांची कीव आली नाही.

त्या खोकल्यानेच ते गेले. घर आता नव्या पाद्र्याला सोडायचं होतं, आणि डॉर्कसचं उरलेलं म्हातारपण त्या ग्रंथांच्या विक्रीवरच निघायचं होतं. रिवाजाप्रमाणे शेजारी सामानाची किंमत ठरवायला आले. माइल्स वर चढला. त्याने एक ग्रंथ उचलला, तर पानांचा लगदा हाताला चिकटला.

"सगळ्यांचे मिळून काय धरताय, माइल्सदादा?"

माइल्सने छपराच्या भोकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"शपथेवर सांगतो, बाई. दहा पेनी."

"लिहा," डॉर्कस म्हणाली.