कडक मावशींचा स्वाध्याय

आमच्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर आहे. सव्वीस वर्षं तिथे ज्या बाईंचं राज्य होतं, त्यांना सगळे कडक मावशी म्हणत. हे नाव इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल दोन मतं होती आणि दोन्ही त्यांच्या माघारीच मांडली जात. मी वरच्या मजल्यावर कपडाभांडारात कारकून. धुऊन आलेल्या चादरी मोजून घेणं माझं काम, आणि मोजणी चुकली की मावशींचं ऐकून घेणंही माझंच.

धुलाईघराच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा मावशी बावन्न वर्षांच्या होत्या. जागा त्यांनाच मिळणार हे सगळे धरून चालले होते. तेवढ्यात नियम आला की प्रमुखाकडे व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र हवं. ज्या बाई नुसत्या वासावरून चादर कुठल्या वॉर्डातली ते सांगायच्या, त्यांना आता कागद आणायचा होता. मावशींनी दोन दिवस सगळ्या कपड्यांना जरा जास्तच खळ घातली आणि तिसऱ्या दिवशी दूरशिक्षणाचा अर्ज भरला.

पहिलाच विषय निघाला ‘संगणक आणि इंटरनेट : मूलभूत संज्ञा’.

त्यांची नणंद आमच्याच इस्पितळात आस्थापना विभागात. तिने हाच अभ्यासक्रम दोन वर्षांपूर्वी केला होता आणि तेव्हापासून ती चालताना मान जरा उंच ठेवायची. तिने स्वतःचा जुना लॅपटॉप दिला, उपकारासकट.

“समजून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस,” ती म्हणाली. “व्याख्या पाठ कर. मी तेच केलं.”

“बरं वन्सं, सर्व्हर म्हणजे काय?”

“जाळ्यातील इतर संगणकांना सेवा पुरवणारा संगणक.”

“म्हणजे?”

“अगं, म्हणजे तेच!”

मावशींच्या यजमानांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. पासवर्डात किमान आठ अक्षरं, एक आकडा, एक चिन्ह हवं आणि वर तो कुणाला सांगायचा नाही, हे ऐकून ते चिडलेच. “असलं कुलूप मी विकलं तर गिऱ्हाईक मारेल मला!” मग त्यांनी पासवर्ड सुवाच्य अक्षरात चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवला.

“अहो, ही काय दाराला किल्ली टांगून बाहेर जायची पद्धत?”

“लोक असंच करतात. त्यांच्याच जिवावर माझं दुकान चालतं.”

रविवारी सकाळी पहिला ऑनलाइन वर्ग झाला. एकशेचाळीस विद्यार्थी, पडद्यावर सर, आणि सर समोरचा मजकूर वाचत होते. दहा मिनिटांनी मावशी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, “अहो, हा माणूस नुसता वाचून दाखवतोय. वाचता मलाही येतं. आणि वाचतोय तेही गुंगीचं इंजेक्शन दिल्यासारखं.”

सर थांबले. “मावशी, तुमचा माईक चालू आहे.”

दुसरी कुणी असती तर तिने लॅपटॉप मिटून अभ्यासक्रमच सोडला असता. मावशी म्हणाल्या, “चालू आहेच तर विचारते. मघापासून क्लाउड क्लाउड म्हणताय, तो असतो कुठे?”

“तो... आभासी असतो.”

“म्हणजे माझे कागद नाहीतच?”

“आहेत ना.”

“मग कुठल्यातरी खोलीतच असतील. त्या खोलीला दार असेल. कुलूप असेल.”

कुलूप म्हटल्यावर यजमानही येऊन पडद्यात डोकावले. सरांनी समोरचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, “खरं सांगू? बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही. पुढच्या रविवारी सांगतो.”

आणि खरंच सांगितलं त्यांनी. कागद समोर न धरता, घसा खाकरत, की क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी मोठ्या इमारतीत रांगेने ठेवलेली यंत्रं, चोवीस तास थंड ठेवलेली, दाराशी पहारा, आणि आपले कागद तिथे ठेवून घेतलेले. “म्हणजे परक्याच्या कपाटात आपल्या साड्या,” मावशी म्हणाल्या. एकशेचाळीस जणांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पुढे स्वाध्याय आला: दहा संज्ञा स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा. नणंदेने आपली जुनी उत्तरं पाठवली. ‘स्वतःच्या शब्दांत’ असं लिहिलंय म्हणून मावशींनी ती बाजूला ठेवली आणि दोन रविवार खपून स्वतःची लिहिली. व्हायरस: एका तापकऱ्याची चादर सगळ्यांच्या गठ्ठ्यात गेली की जे होतं ते, उपाय, वेगळी धुवा. डाउनलोड: वरच्या वॉर्डातून बोचकं खाली येणे. बॅकअप: कपाटामागे ठेवलेल्या चाळीस जास्तीच्या चादरी, ज्यांचा कपडाभांडाराला पत्ता नसतो.

त्याच आठवड्यात धुलाईघरातलं वाफेचं इस्त्रीयंत्र बंद पडलं. मावशींनी इस्पितळाच्या अधीक्षकांना तक्रार अर्ज टाइप केला. मग एकाच बैठकीत स्वाध्याय विद्यापीठाला अपलोड केला आणि अर्ज साहेबांना ईमेल केला. दोन्ही फायलींना त्यांनी ‘शेवटचे’ असंच नाव दिलं होतं.

तीन दिवसांनी साहेबांचं उत्तर आलं: ‘आपली तक्रार वाचली. कार्यवाही सुरू आहे.’ आठवड्याने निकाल आला: वीसपैकी चौदा. खाली शेरा, ‘मांडणी चांगली. उदाहरणे अधिक हवीत.’ आपण एवढी उदाहरणं दिली ती गेली कुठे, म्हणून मावशींनी पाठवलेली फाइल उघडली. त्यात व्हायरस नव्हता, बॅकअप नव्हता. त्यात इस्त्रीयंत्र होतं.

डब्याच्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. चेहरा धुतलेल्या चादरीसारखा. “माझ्या इस्त्रीयंत्राला चौदा मार्क मिळालेत,” म्हणाल्या, “आणि चाळीस चादरी साहेबांच्या टेबलावर गेल्यात.”

“कुठल्या चाळीस चादरी?” मी विचारलं.

“कुठल्याच नाही,” म्हणत त्या उठल्या आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग. चादरींचा प्रश्न शेवटी माझ्या खात्याचा होता.

“साहेब, माझी तक्रार वाचलीत?”

“वाचली म्हणजे काय! कार्यवाही सुरू आहे.”

“काय लिहिलं होतं मी?”

साहेबांनी ईमेल उघडला. वाचू लागले. व्हायरसपाशी भुवया वर गेल्या, बॅकअपपाशी त्यांनी आधी मावशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताच्या पंख्याकडे पाहत होतो.

“मावशी, या चाळीस चादरी...”

“साहेब,” मावशी शांतपणे म्हणाल्या, “चादरींचं तुम्ही काही वाचलं नाही. कार्यवाहीचं मी काही वाचलं नाही.”

आठ दिवसांत यंत्र दुरुस्त झालं.

एवढ्यावर दुसरं कुणी थांबलं असतं. मावशी अभ्यासकेंद्रात गेल्या आणि सरांपुढे दोन्ही कागद ठेवले. सर आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. “तपासणाऱ्याची लाज निघेल यात. तुमचंही नुकसान होईल. राहू द्या की चौदा.”

“ते चौदा यंत्राचे आहेत. माझे किती ते सांगा.”

फेरतपासणी झाली. अकरा मिळाले. शेरा: ‘भाषा अनौपचारिक.’ नणंद म्हणाली, हातचे मार्क घालवायला डोकं फिरलंय हिचं. यजमान म्हणाले, अकरा तर अकरा, पण वाचून दिलेत. त्या दिवशी मावशी खुशीत होत्या. धुलाईघरातल्या बायकांना त्यांनी अर्धा तास आधी घरी सोडलं, असं आधी कधी झालं नव्हतं.

वर्षभराने त्या दुसऱ्या वर्गात पास झाल्या. नेमणुकीचं पत्र ईमेलने आलं. तोवर मावशी ईमेल, फाइल, फोल्डर सगळं डोळे मिटून करू शकत होत्या. तरी त्या पायऱ्या चढून आस्थापना विभागात गेल्या आणि भर कचेरीत नणंदेपुढे लॅपटॉप ठेवला.

“वन्सं, हे काही उघडता येईना बाई मला. जरा उघडून वाचता का? मोठ्याने वाचा, मला हल्ली कमी ऐकू येतं.”