गिरजाआत्याची खांड

हळदीच्या मांडवात नितेशने बाजावाल्याची नक्कल केली, हा त्या दिवसाचा पहिला अपघात. दुसरा त्याच्या गिरजाआत्याचा. हसता हसता ती एकदम गप्प झाली, शेजारचा तांब्या उचलला आणि शांतपणे स्वतःच्या मांडीवर ओतला.

“हात निसटला गो,” ती बायकांना म्हणाली.

पाट तांब्याच्या आधीच ओला झाला होता, हे फक्त नितेशने पाहिलं.

लेक सुरभी जन्मली तेव्हा आत्या आतून फाटली, त्या दिवसापासून खोकला, शिंक आणि हसू यांच्याशी तिचं वैर. खोकला-शिंक ती आवरी. हसण्याला उपाय नव्हता, कारण घराण्यात नितेश होता. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला होता: आवळायचं, धरायचं, सोडायचं. आत्या तो तांदूळ निवडताना करी. तिचा चेहरा बघून शेजारणींना वाटे, यंदा तांदळात खडे फार.

हळदीनंतर आत्या गडब गावाबाहेर पडेना. आता नव्याण्णव साली सुरभीला रोह्यात मुलगा झाला. बारशाला पाळणा आईनेच म्हणायचा, असा लेकीचा हट्ट. आत्या म्हणाली, “नाय येनार.”

नितेश रोह्याच्या कंपनीत लॅबमध्ये होता. कँटीनमधल्या पेपरात त्याला उपाय सापडला. रविवारी तो थेट आत्याच्या ओटीवर.

“आत्या, खाडीच्या बांधाला खांड पडली की चिखल कुठला घालतो आपण?”

“शेतातलाच. तुझ्या बापाला इचार, बाजूला उभा राहून सांगायचा.”

“तसंच. मांडीच्या स्नायूतल्या मूळपेशी काढायच्या, वाढवायच्या नि फाटलंय तिथं सुईने टोचायच्या. आपलाच बांध, आपलाच चिखल.”

आत्याने मांडीकडे नीट पाहिलं. “हिच्यावर माझी सगळी पोरं मुतली. ही काय राखण करनार?” मग म्हणाली, “गुण कोनाला आला?”

“अजून उंदरांवर चाललंय.”

“उंदरांना हसवायला कोन जातो, तू?”

“माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील,” नितेश हळूच म्हणाला.

आत्याने हातातलं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. “म्हंजे उंदरांची वाट बघत बसले तर बारसं नाय, नातवाचं लगीनच गाठीन.” ती आत गेली. जुन्या लुगड्याच्या घड्या पिशवीत तळाशी भरल्या, वर बाळाचं झबलं ठेवलं.

विज्ञान कामी आलं, असं नितेशला वाटलं. “मग येतेस ना बारशाला? मी येतो एसटीत सोबत.”

“मी जाते. तू येऊ नको.”