तीन नंबरच्या खिडकीतले हात

ती माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाही, हाताकडे बघते. रस्त्यात कुणी हाक मारली तर खालीच बघत राहते, समोरच्याने खिशातून हात काढला की मग, "अय्या, तुम्ही होय!" बोलता बोलता दुसऱ्याची नखं अंगठ्याने चाचपते. टीव्हीवर कुणी नखं खाताना दिसलं तर त्यालाही ओरडते.

यात तिचा दोष नाही. वीस वर्षं ती पाण्याची बिलं भरायच्या तीन नंबरच्या खिडकीत बसते. बारा वर्षांपूर्वी खिडकीची काच फुटली. साहेबांनी तात्पुरतं प्लायवूड ठोकलं आणि खाली हात जाईल एवढी फट ठेवली. ते तात्पुरतं अजून तसंच आहे. तेव्हापासून अख्खं गाव तिला मनगटापर्यंतच माहीत. लाकडातून आवाजही सगळ्यांचे सारखेच येतात.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने, म्हणजे खिडकीतल्या ताईंनी, ठरवलं, नेल टेक्निशियनचा कोर्स करायचा. सहा आठवडे, दिवसभर. संस्थेचं पत्र आलं: पहिल्या दिवशी येताना वही आणायची. वहीत पन्नास वेगवेगळ्या हातांची नोंद, नखांचा आकार, केलेलं काम आणि खाली त्या माणसाची सही. एकही कमी असेल तर जागा दुसऱ्याला.

रजेचा अर्ज दोन महिने साहेबांच्या टेबलावर पडून होता. ताई तीनदा विचारून आल्या.

"नखांना सहा आठवडे?" साहेब म्हणाले. "मला पाच मिनिटं लागतात."

हात नेहमीसारखे पाठीमागे बांधलेले. ताईंनी ते कधी पाहिलेच नव्हते.

घरी पहिला हात आईचा. आईला हौस होती म्हणून तीनदा झाला. चौथ्यांदा ती म्हणाली, "अगं, आता नुसती बोटं उरलीत." वहिनीने एकदा दिला. इलेक्ट्रिशियन दादा दारातूनच म्हणाला, "मला दिवसभर झटके बसतात तेवढे पुरेत." वही दोनावर अडली.

मग एका सोमवारी फटीतून एका मेकॅनिकचा हात आत आला. मधल्या बोटाचं नख तुटून कपड्यांत अडकत असणार, हे ताईंना बघताक्षणीच कळलं. पावती द्यायच्या ऐवजी त्यांनी हातच धरला.

"अहो, मी काही केलं नाही!" बाहेरून आवाज आला.

"बोटं सैल सोडा," ताई म्हणाल्या आणि पर्समधून नेल फायलर काढला.

मंगळवारी मेकॅनिकने भावाला पाठवलं. बुधवारी रांग जिन्यापर्यंत गेली. एका बाईंनी मागच्या वर्षीचं भरलेलं बिल आणलं. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून. एक शिंपी अंगठा दाखवून गेला आणि दुसऱ्या दिवशी उरलेली नऊ बोटं घेऊन आला. एक आणि दोन नंबरच्या खिडक्या ओस पडल्या. तिथली मंडळी तिसऱ्या रांगेत उभी होती.

शुक्रवारी दुपारी वहीत एकोणपन्नास हात झाले. कोर्स सोमवारी. अर्जावर सही नव्हतीच.

पुढचं शिपाईकाकांनी नंतर सांगितलं. कुणीतरी तक्रार केली. साहेब मुद्देमालासकट पकडायला खाली आले. तरातरा खिडकीकडे निघाले, तर रांग ओरडली, "ओ काका, लाइनीत या!" त्यांनी आपण कोण ते सांगितलं. "सगळे असंच सांगतात," मागून उत्तर आलं. साहेब पाऊण तास उभे राहिले. पुढच्या आजींनी मागे वळून धीर दिला, "पहिल्यांदाच का? दुखत नाही हो."

पाचला दहा मिनिटं असताना एक डावा हात फटीतून आत घुसला आणि टेबलावर काहीतरी चाचपू लागला. नेल फायलर जप्त करायचा होता त्याला. ताईंनी तो मनगटात पकडला.

"हे काय चाललंय इथे?"

"बोलू नका, हात हलतो."

हात हलायचा थांबला.

ताईंनी नखं पाहिली. पाचही कुरतडलेली, पार मुळापर्यंत. बारा वर्षांत इतका बिचारा हात आला नव्हता.

"एवढी कसली काळजी असते हो तुम्हाला?"

लाकडातून आलं, "कसली नसते?"

ताईंनी कडा घासल्या, कातडी मागे सारली, बिनरंगाचं नेलपेंट लावलं. हाताने एकदाच सुस्कारा टाकला. निदान तसं वाटलं.

"आता उजवा. पण आधी वहीत सही करा. ओल्या नखांनी कागद चिकटतो."

वही फटीतून बाहेर गेली आणि परत आली. पन्नासावी सही. वर झोकदार वळण, खाली दोन ठिपके. वीस वर्षं पगारपत्रकावर बघितलेली. दोन महिने जिची वाट बघितली ती.

ताईंनी खण उघडला, अर्जाची दुसरी प्रत काढली आणि बाहेर सरकवली.

"इथेपण एक."

बाहेर कागद वाचला जात होता. कुणीतरी खोकलं.

"नखांना सहा आठवडे?" आवाज आला, पण या वेळी जरा हळू.

"तुमच्यासारख्यांना आठ लागतील."

पेनाचा आवाज झाला. अर्ज आत आला. ओली नखं वर धरून, कोपराने ढकललेला. त्याच्या मागोमाग उजवा हात आला, बोटं सैल सोडून, शहाण्यासारखा टेबलावर बसला.

ताईंनी सही पाहिली. घड्याळ पाहिलं. पाच वाजले होते. वही, नेल फायलर आणि अर्ज त्यांनी पर्समध्ये भरला.

"अहो ताई, उजवा राहिला!"

"साहेब, मी रजेवर आहे."

गेले तीन आठवडे साहेब ऑफिसात डावा हात पुढे घेऊन फिरतात. उजवा पाठीमागे. मधून मधून तीन नंबरच्या बंद फटीवर टकटक करून बघतात.