मेश्रामांची जीभ

यशवंतराव मेश्राम आमच्या बरोबर डोक्यावर राहतात. दिल्लीतल्या मयूर विहारच्या या सोसायटीत ते चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. दोन वर्षं त्यांचं क्लॅरिनेट मी ऐकलंय, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क माझा.

मूळचे भंडाऱ्याचे. जन्म ऑडिटच्या नोकरीत गेला आणि माणूस बोलतोही तसाच, प्रत्येक शब्दावर शिक्का मारत. लहानपणी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हे क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडाकडे बघत उलटे चालायचे, गटारात पडेपर्यंत. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच क्लॅरिनेट घेतलं. इथल्या जयंतीच्या बँडमध्ये पहिल्या रांगेत वाजवायचं, एवढीच इच्छा.

अडचण जिभेची होती. क्लॅरिनेटच्या तोंडाशी रीड नावाची पातळ पट्टी असते. फुंक चालू ठेवायची आणि जिभेच्या टोकाने रीडला नुसतं शिवून सूर सुटे करायचे. यशवंतराव शिवत नसत, थोबाडीत मारत. संथ गाण्यात खपून जायचं. पण मिरवणुकीच्या गाण्याचा शेवटचा भाग धावत सुटतो; तिथे जीभ अडकायची आणि आतून बदक ओरडायचं. आमचं कुत्रं पलंगाखाली जायचं. मीही गेलो असतो, पण जागा नव्हती.

बँडचे विलास मास्तर लष्करातून आलेले. मार्चमध्ये ते स्पष्टच बोलले. "यशवंतराव, चौदा तारखेपर्यंत जीभ हलकी झाली तर पहिली रांग. नाहीतर झांजा घ्या आणि मागे या."

झांजा म्हटल्यावर माणूस पेटला. सकाळी बागेत फिरताना ओठ मिटून आतल्या आत ती-ती-ती-ती सुरू. आधी हळू, मग जरा भरभर, चुकलं की पुन्हा हळू. तळमजल्यावरच्या मिसेस खुराना हे रोज बघत होत्या. एकदा त्यांनी हात जोडून विचारलं, "भाईसाहब, कौनसा मंत्र जपते हैं आप? चेहरे पे बड़ा तेज आ गया है." यशवंतरावांनी उभा जन्म अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं दिलेली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नी मीनाक्षी वहिनींनी मला सांगितलं.

चौदाच्या सकाळी मी वर गेलो, तर हे बँडचा निळा कोट घालून बसलेले. जीभ अजून जडच होती. मी त्यांना शिव्या कितीही घातल्या असतील, पण झांजा वाजवणारे यशवंतराव मला बघवले नसते. वहिनींनी उकळता चहा पुढे ठेवला. यशवंतरावांनी भेदरून तो पाण्यासारखा तोंडात ओतला. पुढचा आवाज बदकापेक्षा वाईट होता.

जिभेचं टोक चांगलंच भाजलं. तसेच ते मिरवणुकीत उभे राहिले. गाणं शेवटच्या भागावर आलं तशी मी कानात बोटं घातली, आणि मग हळूच काढली. सूर सुटे, हलके, भराभर पडत होते. भाजलेली जीभ रीडला लागली न लागली की पळत होती. मास्तर वळून वळून बघायला लागले. मी कधी यशवंतरावांपुढे उलटा चालायला लागलो मला कळलं नाही; मिसेस खुरानांच्या पायावर पाय पडला तेव्हा कळलं.

पुढच्या महिन्यात बुद्धपौर्णिमेला पुन्हा वाजवायचं होतं. सकाळी बघतो तर यशवंतराव उकळता चहा मागतायत. ही अंधश्रद्धा नाही, शुद्ध विज्ञान आहे, असं मलाच समजावतायत. वहिनींनी समोर गार ताकाचा पेला ठेवला.

"हे पिऊन वाजवा," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर मी खुरानांना मंत्र विचारून येते."

त्यांनी ताक एका दमात संपवलं आणि जाऊन वाजवलं. जीभ एव्हाना शिकली होती. पहिली रांग टिकली. वहिनींनी कौतुकाने ही ताकाची गोष्ट खाली जाऊन सांगितली.

संध्याकाळी मिसेस खुराना रिकामा पेला घेऊन यशवंतरावांच्या दारात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीची कथकची परीक्षा होती.