अर्डिथ लुंडने लावलेली हिरवी चिठ्ठी

राज्याच्या कृषी विस्तार सेवेचं कर्मचारी-पत्रक दर दुसऱ्या शुक्रवारी जिल्ह्याच्या कचेरीत यायचं. फिकट पिवळा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. कुणाची बदली झाली, कुणाला मुलगी झाली, माती तपासायच्या प्रयोगशाळेत नवीन कोण आलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, असं सगळं त्यात असायचं. अर्डिथ लुंड एकतीस वर्षं ते पत्रक कॉफी पिता पिता उभ्याउभ्याच वाचत आली होती. पण त्र्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये, तिच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना, पत्रकाची संपादक फिलिस हिचा मुख्य कचेरीतून फोन आला, आणि अर्डिथला खुर्ची ओढून बसावं लागलं.

"तुझ्यावरचा मजकूर तयार आहे," फिलिस म्हणाली. "वाचून दाखवते. आणि उगाच लाजू नकोस हं, मी एक ओळही कापणार नाहीये."

फिलिसने जुने वार्षिक अहवाल चाळून मजकूर केला होता. शिवणाचे वर्ग, मुरंब्यांची प्रात्यक्षिकं, जत्रेतलं परीक्षण, आणि मग हे: 'चौऱ्याहत्तर साली जिल्ह्यात घरच्या बरणीतल्या भाजीतून विषबाधा झाली, तेव्हा अर्डिथ लुंड यांनी तातडीने एकोणऐंशी घरांतल्या प्रेशरच्या भांड्यांचे दाबकाटे पुन्हा तपासून दिले. या कामाबद्दल त्यांना राज्य पातळीवरचा सन्मान मिळाला. त्यानंतर जिल्ह्यात असा एकही प्रकार घडलेला नाही.'

"फिलिस, ते चौऱ्याहत्तरचं काढ."

"अगं, त्यातच तर सगळा जीव आहे! बाकी काय, जॅम आणि काजं-बटणं. का काढू?"

"माझ्या मनाला बरं वाटत नाही म्हणून."

"निवृत्त होणाऱ्या कुणालाच बरं वाटत नाही," फिलिस हसत म्हणाली, आणि फोन ठेवून मोकळी झाली.

अर्डिथ डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. गृहविज्ञान शिकून सत्ताविसाव्या वर्षी ती या नोकरीत लागली तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर दोन शेगड्या आणि बरण्यांचं खोकं टाकून ती मक्याच्या शेतांमधून गावोगाव हिंडायची. बायांना शिकवायची, आणि निम्मं त्यांच्याकडून शिकून यायची. दर जूनमध्ये बाया आपापल्या प्रेशरच्या मोठ्या भांड्यांची झाकणं घेऊन कचेरीत रांग लावायच्या. भाजीच्या बरण्या त्या भांड्यात शिजवायच्या, तर आतला दाब नेमका किती हे सांगणारा काटा खरा हवा. तो खोटा बोलला तर बरणी वरून झकास दिसते, झाकण घट्ट बसतं, आणि आत विष तयार होतं. अर्डिथकडे कचेरीचा कसोटीचा काटा होता. त्याच्याशी ताडून बघायचं, फरक असला तर सुई सरकवून जुळवायची, आणि झाकणावर हिरवी चिठ्ठी चिकटवायची. अर्डिथची हिरवी चिठ्ठी असली की बाई निर्धास्त.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये तो कसोटीचा काटा तिच्या हातून शाळेच्या पायऱ्यांवर पडला. काच शाबूत, सुई शून्यावर. असा पडला की तो तपासायला पाठवायचा, हा नियम तिला पाठ होता, कारण तोच नियम ती इतरांना शिकवायची. पण पाठवला तर तीन आठवडे अडकणार आणि जूनची रांग खोळंबणार. तिने तो पुसला, पेटीत ठेवला, आणि त्याच काट्याने हंगाम काढला.

लिओना हाव्लिक त्या रांगेत चौथी होती. एकसष्ट वर्षांची, ठेंगणी, आडव्या बांध्याची, चेक वंशाची बाई. तिच्या हातची फरसबी म्हणजे जिल्ह्यात बोलायचं काम नाही. चर्चच्या तळघरात रविवारचं जेवण असलं आणि घरोघरून पदार्थ आले, की तिचं पातेलं सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं. अर्डिथने तिचा काटा ताडला, जुळवला, चिठ्ठी लावली. लिओनाने तिला खसखशीचे दोन कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, रुमालात बांधून दिले होते.

नोव्हेंबरात लिओना मुलीच्या बाळंतपणासाठी शेजारच्या राज्यात गेली. मागे नवरा एमिल. त्याने एक बरणी उघडली, फरसबीवर कांदा आणि व्हिनेगर घातलं आणि न उकळता तशीच थंड खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याला एकाच्या दोन गाई दिसायला लागल्या. तिसऱ्या दिवशी पापण्या उघडेनात, घोट गिळवेना. दवाखान्यात नेईपर्यंत श्वास अडकायला लागला होता. विषावरचं औषध विमानाने आणलं. सात आठवडे तो यंत्राच्या श्वासावर होता. जगला. पण त्याचा आवाज गेला तो गेलाच, पुढे बोलला तो कुजबुजल्यासारखा. उजव्या हातात बळ आलं नाही, दुभत्या गाई विकाव्या लागल्या.

आरोग्य खात्याच्या माणसाने अर्डिथला फोन केला होता.

"हाव्लिकबाईंचा काटा तुम्ही तपासला होता?"

"हो, जूनमध्ये."

"बरोबर होता?"

"जुळला होता."

"बाई पण तेच म्हणतात. अर्डिथने तपासलाय, काट्यात खोट असणं शक्य नाही, माझीच वेळ चुकली असणार, असं म्हणाल्या." त्याने तसंच लिहून घेतलं.

फोन ठेवल्यावर अर्डिथने पेटीतला काटा काढून पुन्हा निरखला. तीन दिवसांनी ती तो घेऊन शेजारच्या जिल्ह्याच्या कचेरीत गेली आणि तिथल्या काट्याशी ताडून बघितला. सुई अडकत होती; कधी बरोबर, कधी दोन, तर कधी साडेतीन पौंडांचा फरक यायचा. आत साडेसहा असताना तो मधेच दहा दाखवत होता.

त्या माणसाचा नंबर तिच्या टेबलावरच होता. तिने फोन उचलला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. तिने नवा कसोटीचा काटा मागवला, आणि जानेवारीच्या बर्फात घरोघर जाऊन एकोणऐंशी काटे पुन्हा तपासले. "नवीन साधन आलंय, म्हणून," असं सांगायची. काटा चुकलेला निघाला त्या अकरा घरांत तिने बायांना शिल्लक बरण्या फेकायला लावल्या. बाया म्हणायच्या, किती काळजी करते ही पोरगी! पुढच्या वर्षी राज्याच्या मेळाव्यात तिला सन्मानाचा लाकडी फलक मिळाला. ती व्यासपीठावर चढली, हात मिळवला आणि खाली उतरली. फलक तिने कपाटात पोस्टाच्या पाकिटांखाली पालथा घालून ठेवला.

आणि लिओना? एमिल घरी आल्यावर पहिल्या रविवारी तिने नेहमीसारखं पातेलं नेलं. बटाट्याचं होतं, फरसबीचं नव्हे. जेवणं उरकली तरी पातेल्याला कुणी चमचा लावला नव्हता. कुणी वाईट बोललं नाही, नुसतं ओलांडून पुढच्या पातेल्याकडे गेले. त्यानंतर ती दुकानातून आणलेले पाव न्यायला लागली, पिशवीसकट, दुकानाचं नाव दिसेल असे ठेवायची. एकोणीस वर्षं. आठ वर्षांपूर्वी एमिल हृदयविकाराने गेला.

हे सगळं अर्डिथला माहीत होतं. दुकानात लिओना भेटली की ती हवापाण्याच्या गोष्टी करायची आणि घरी येऊन उगाच फरशी पुसायला घ्यायची.

फिलिसच्या फोननंतर तिने नवऱ्याला सांगितलं. व्हर्जिल धान्याच्या कोठारावर कामाला होता, अबोल माणूस. पूर्ण ऐकून घेऊन म्हणाला, "मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं?"

"तू सांग म्हणाला असतास म्हणून."

 उठून त्याने गाडीत पेट्रोल आहे का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अर्डिथ हाव्लिकांच्या घरी गेली. लिओना आता ऐंशीची, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. स्वयंपाकघरात रेडिओवर मक्याचे भाव चालले होते.

"बस. निवृत्त होतेस म्हणे. बरं झालं, पाय दुखायचे थांबतील."

"मिसेस हाव्लिक, मला तुम्हाला एक सांगायचंय. आधी रेडिओ बंद करू?"

तिने सांगितलं. पायऱ्या, पडलेला काटा, जूनची रांग, साडेतीन पौंड, न केलेला फोन. तिने येताना गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं, तरी तोंडातून ते तुकड्या-तुकड्यांनीच निघालं. लिओना टेबलक्लॉथची किनार दोन बोटांनी सरळ करत होती. करता करता थांबली.

"म्हणजे माझी वेळ चुकली नव्हती."

"नाही."

"मी मिनिटं बरोबर मोजली होती."

"हो. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

 लिओना बोलली ती अगदी हळू. "एमिल मला त्या घशातल्या घशातल्या आवाजात सांगायचा, 'लिओना, तू मोजण्यात चुकणारी बाई नाहीस.' अकरा वर्षं सांगत होता. आणि मी त्याच्यावर ओरडायचे. गप्प बस, चुकलेय मी, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. शेवटच्या हिवाळ्यातसुद्धा ओरडले. तो बरोबर होता, आणि मी त्याला खोटारडा म्हणाले."

अर्डिथला रडू आलं.

"रडू नकोस इथे," लिओना कडक आवाजात म्हणाली. "माझ्या घरात मी तुझी समजूत काढणार नाही."

"मला माफी मागायची—"

"ती मघाशी सांगतानाच मागून झाली तुझी, दोनदा. मला इथे स्वयंपाकघरात सांगून काय उपयोग? इथे मला कोण काय म्हणालं होतं? जिथे माझं पातेलं ओलांडून गेले ना, तिथे सांग."

"चर्चमध्ये?"

"तळघरात. या रविवारी जेवण आहे. तू लुथरन आहेस, तुझं चर्च वेगळं, ते माहितीये मला. जिना सगळ्यांना सारखाच आहे."

अर्डिथने त्याच दुपारी फिलिसला पत्र लिहिलं, सगळं सविस्तर, आणि फलक खोक्यात घालून सोबत पाठवला. दोन दिवसांनी फिलिसचा फोन आला. तिचा आवाज पडलेला होता.

"संचालक म्हणतात, एवढी जुनी गोष्ट कशाला उकरायची? मजकुरातून ते वाक्य गाळू, आणि विषय संपवू."

"गाळलं तर मी आणखी एकदा गप्प बसले असं होईल. माझं पत्र छाप."

"अर्डिथ, हे वाढदिवस आणि बदल्यांचं पत्रक आहे गं."

"माझीच बातमी आहे ना? मग छाप."

रविवारी ती व्हर्जिलबरोबर त्या चर्चच्या तळघरात उतरली. सत्तर-ऐंशी माणसं होती, त्यातली निम्मी तिच्या वर्गांना बसलेली. पाद्र्याने प्रार्थना झाल्यावर तिला बोलायला सांगितलं. लोकांना वाटलं निरोपाचं बोलणार, काहींनी टाळ्याही वाजवल्या. तिने लिहून आणलेला कागद काढला, पण त्यात न बघताच बोलली. "लिओना हाव्लिक यांनी वेळ बरोबर मोजली होती. काटा माझा खोटा होता. मला ते तीन दिवसांत कळलं होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. एकोणीस वर्षं तुम्ही त्यांना दोषी धरलंत, ते माझ्यामुळे."

 मग मागून एक म्हातारा शेतकरी उभा राहिला. "आमच्या सूनबाईचा काटा त्याच वर्षी तपासला होतास ना तू? तिला तेव्हा दिवस गेले होते. आम्ही ती भाजी हिवाळाभर खाल्ली."

"हो. जानेवारीत मी पुन्हा आले होते. तुमचा दोन पौंडांनी चुकत होता. बदलायला लावला मी."

"आणि का बदलायचा ते आम्हाला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

तो सुनेचा हात धरून जिना चढून गेला. आणखी दोन कुटुंबं त्याच्यामागे गेली. बाकीचे ताटाकडे बघत जेवले. दोन-तीन बाया लिओनाच्या टेबलाशी जाऊन काहीतरी पुटपुटल्या. लिओना मान हलवत राहिली आणि शांतपणे चावत राहिली.

निघताना ती अर्डिथला जिन्यापाशी भेटली. "फार हळू बोललीस. मागच्या दोन टेबलांना ऐकूच गेलं नाही. मी सांगितलं त्यांना."

पत्र छापून आलं, तिच्या निवृत्तीनंतरच्या अंकात, शेवटच्या पानावर, एक शब्द न कापता. निरोपाचं जेवण मात्र झालं नाही. कचेरीने केक आणला, तो चौघांनी खाल्ला. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरचं कुणी पुढे कधी अर्डिथशी बोललं नाही, आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. बरं वाटेल अशी तिची कल्पना होती. तसं झालं नाही. मनातलं ओझं उतरलं नव्हतंच. आता ते काय आहे हे जिल्ह्याला माहीत होतं, एवढंच.

ऑक्टोबरात, मक्याची कापणी ऐन भरात असताना, फोन वाजला.

"लिओना बोलतेय. तुझ्याकडे लायसन आहे ना अजून? मुलगा कापणीत अडकलाय आणि मला मंगळवारी शहरात डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचंय. साडेसातला ये. उशीर करू नकोस."

"येते, मिसेस हाव्लिक."

"आणि वाटेत माफीबिफीचा विषय नको. दीड तासाचा रस्ता आहे."

मंगळवारी अर्डिथ सात वाजून दहा मिनिटांनीच हाव्लिकांच्या फाटकाशी जाऊन थांबली. लिओना हातात पर्स धरून पायऱ्यांवर उभी होती. तिने मागचं दार उघडलं, कोट मागच्या सीटवर टाकला, आणि मग पुढे येऊन अर्डिथच्या शेजारी बसली.